ऐकेल त्याचे गाणे?

संगीतावर आपल्याकडे जे समीक्षालेखन होते, ते बहुतांशी गाणाऱ्याविषयी असते; ऐकणाऱ्याविषयी क्वचितच. गायकाचा स्वर, कवीचे शब्द, संगीतकाराची चाल ह्यांची चिकित्सा होते. परंतु ते गाणे ऐकणाऱ्याच्या घरात कोणत्या नात्याने येते, पाहुणा म्हणून की घरचे माणूस म्हणून, हा प्रश्न व्यवहाराचा ठरवून बाजूला ठेवला जातो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. कारण गाणे कसे जवळ बाळगले जाते ह्यावर ते कसे ऐकले जाते आणि किती काळ टिकते, हेही पुष्कळ अंशी अवलंबून असते.

आज गाणे घरात येण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग खरेदीचा. पैसे मोजून गाण्याची संगणकीय प्रत, ज्याला आपण फाईल म्हणतो ती, आपल्या संगणकावर किंवा भ्रमणध्वनीवर उतरवून घ्यावयाची आणि कायमची ठेवावयाची. दुसरा मार्ग वर्गणीचा. दरमहा ठरावीक रक्कम भरावी, अथवा जाहिराती सोसाव्यात, आणि कंपनीच्या भांडारातून हवे ते गाणे इंटरनेटवरून वाहते ऐकावे. ह्यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. पहिला मार्ग आता जवळजवळ ओस पडला आहे आणि दुसऱ्यावर गर्दी आहे. घरातील तरुण मुलाला 'तुझ्याजवळ कोणती गाणी आहेत?' असे विचारले तर त्याला प्रश्नच नीट कळत नाही. त्याला सगळी गाणी ऐकता येतात. त्याच्याजवळ मात्र एकही नसते. ही स्थिती चांगली की वाईट, ह्याचा निवाडा एका वाक्यात होण्यासारखा नाही.

घरात आलेले गाणे

हिंदुस्थानातील पहिली व्यापारी ध्वनिमुद्रणे १९०२ साली कलकत्त्यात झाली. त्यानंतरची सुमारे पन्नास वर्षे लाखेच्या तबकडीची होती. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत रात्र जागवणारे बालगंधर्व किंवा मास्टर दीनानाथ ह्यांना आपले पद ह्या चिमुकल्या वेळात बसवावे लागले. तबकडीने गाण्याचा विस्तार कापला, पण त्याच्या बदल्यात एक मोठी गोष्ट दिली: गाणे प्रथमच सामान्य माणसाच्या मालकीची वस्तू झाले. ते फडताळात ठेवता येऊ लागले, शेजाऱ्याला उसने देता येऊ लागले, लेकीबरोबर सासरी पाठवता येऊ लागले.

रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात हे सुख उशिरा आणि बाहेरगावाहून आले. मुंबईचा चाकरमानी आणि पुढे आखातात नोकरीला गेलेला मुलगा सुट्टीवर येताना घरी जे आणी, त्यात टेपरेकॉर्डर असे. १९८० नंतर ध्वनिफिती स्वस्त झाल्या आणि संगीताचा सारा व्यापारच बदलून गेला. मोठ्या कंपन्यांनी ज्यांच्याकडे कधी पाहिले नव्हते, अशा प्रांतोप्रांतीच्या लोकगायकांना छोट्या कंपन्यांनी फितींवर आणले. आपल्याकडचे नमन-खेळे, जाखडी नृत्याबरोबरचे शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब हे सारे फितीवर येऊन गणपतीच्या दिवसांत वाडीवाडीत वाजू लागले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेचे दार लोकभाषांना उघडले आणि त्यानंतर जी मराठी उपासनागीते रचली गेली, त्यांनाही घरोघरी पोहोचण्यासाठी हीच फीत कामी आली.

ह्या फितींना कोकणची हवा मानवत नसे. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरे, फीत यंत्रात अडके, पेन्सिल घालून गुंडाळावी लागे. तरीही ती आपली होती. कंपनी बुडाली म्हणून कोणी येऊन कपाटातली फीत उचलून नेत नव्हते.

खोत आणि कूळ

वर्गणीच्या व्यवस्थेचे स्वरूप समजून घेण्यासाठी रत्नागिरीच्या माणसाला दूर जावे लागत नाही. खोतीची आठवण अजून येथल्या जमिनीच्या कागदांत आहे. खोत हा सरकार आणि रयत ह्यांच्यामधला सारावसुलीचा मध्यस्थ. जमीन कसणारे कूळ घाम गाळी, काजू-आंबा लावी. पण पायाखालच्या जमिनीवर त्याचा शब्द चालत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्षात खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. त्याच काळातील कुळकायद्याने 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व मान्य केले आणि १ एप्रिल १९५७ हा दिवस 'कृषक दिन' ठरून कूळ मालक झाले.

ही उपमा ताणू नये हे खरे. खोतीत माणसाचे पोट आणि मान दोन्ही गहाण पडत असत. गाण्याच्या वर्गणीत तसे काही नाही, आणि ती सोडून देण्यास कोणाची आडकाठीही नाही. तरीसुद्धा नात्याची घडण सारखी आहे. गाणे रचणारा एका टोकाला, ऐकणारा दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये भांडाराचा धनी. ऐकणारा वर्षानुवर्षे आपल्या आवडीच्या याद्या लावतो. एक यादी सकाळच्या प्रार्थनेची, एक आईच्या आवडीची, एक नाट्यगीतांची. ही त्याने लावलेली झाडे होत. वर्गणी थांबली, कंपनी बंद पडली किंवा करार मोडला, की झाडांसकट जमीन परत जाते. दहा वर्षे वर्गणी भरणाऱ्याला अकराव्या वर्षी पहिल्या दिवसाच्या ग्राहकापेक्षा तसूभरही अधिक हक्क नसतो. कुळाला निदान 'कसेल त्याची जमीन' असे म्हणणारा कायदा मिळाला. 'ऐकेल त्याचे गाणे' असे म्हणणारा कायदा कोठेही नाही.

दोन दुकानांची हकीकत

हे केवळ तर्काने म्हटलेले नाही. आपल्या देशातच ह्याची दोन उदाहरणे घडून गेली आहेत आणि ती शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

फ्लिपकार्ट ह्या कंपनीने फेब्रुवारी २०१२ मध्ये 'फ्लाईट' नावाचे गाण्यांचे दुकान उघडले. तेथे गाणी सुटी विकत मिळत आणि त्यांना कोणतेही कुलूप नसे. म्हणजे एकदा उतरवून घेतलेली फाईल कोणत्याही यंत्रावर वाजवता येई. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ॲपलनेही आपले आयट्यून्स दुकान भारतात आणले. तेथील गाण्यांचे भाव साधारणतः ७ ते १५ रुपयांच्या दरम्यान होते. फ्लाईट चालले नाही. फुकट आणि बेकायदा गाण्यांच्या महापुरात पैसे मोजणारा ग्राहक पुरेसा मिळाला नाही आणि जून २०१३ मध्ये ते बंद झाले. घेतलेली गाणी उतरवून ठेवण्यास ग्राहकांना काही आठवड्यांची मुदत मिळाली. दुकान गेले, पण ज्याने तेथे गाणे घेऊन ते नीट जपले, त्याच्याकडे ते आजही वाजते.

दुसरे उदाहरण एअरटेलच्या 'विंक'चे. ही सेवा २०१४ साली सुरू झाली, अफाट वाढली आणि २०२४ साली बंद करण्यात आली. वर्गणीदारांनी यंत्रात 'साठवून' ठेवलेली गाणीही सेवेबरोबरच निरुपयोगी झाली. कारण ती साठवण सेवा चालू असेपर्यंतचीच होती.

ह्याच विंकच्या संदर्भात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ च्या एप्रिलमध्ये दिलेला एक निकाल प्रत्येक संगीतप्रेमीने लक्षात ठेवावा असा आहे. टिप्स ह्या मुंबईच्या संगीत कंपनीने दावा लावला होता. नभोवाणीला जसा कायद्याने ठरलेल्या दराने गाणी लावण्याचा परवाना मिळू शकतो, तसा आपल्यालाही मिळावा, हे विंकचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. न्यायालयाने ग्राहकाला मिळणाऱ्या गाण्याचे प्रकार वेगळे केले: वर्गणी चालू असेपर्यंत यंत्रात साठवता येणारे गाणे म्हणजे व्यापारी भाडे, आणि पैसे देऊन कायमचे उतरवून घेतलेले गाणे म्हणजे विक्री. खंडपीठाने २०२२ साली हा निकाल कायम ठेवला. भांडण दोन कंपन्यांचे होते, ऐकणारा त्यात पक्षकार नव्हता. तरी त्याच्या हातात नेमके काय पडते ते त्या निकालातून स्वच्छ दिसते.

भाड्याच्या घरातून निघण्याची पाळी केवळ दुकान बंद झाल्यावरच येते असेही नाही. मार्च २०२४ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक कंपनी ह्यांच्यात नवा करार जमला नाही, तेव्हा झीची गाणी त्या भांडारातून रातोरात उतरवली गेली. ज्यांनी वर्गणी वेळेवर भरली होती त्यांच्या याद्यांतूनही ती गेली.

'विकत घ्या' असे लिहिलेल्या प्रत्येक पाटीवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेली जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके त्यांच्या वाचनयंत्रांतून परस्पर पुसून टाकली होती; विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, हे कारण पुढे आले. त्यातील एक पुस्तक '१९८४' होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर १ जानेवारी २०२५ पासून असा कायदाच लागू केला आहे, की जी वस्तू पुढेमागे काढून घेतली जाऊ शकते ती विकताना, आपण मालकी देत नसून केवळ परवाना देत आहोत, हे विक्रेत्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. कायमची उतरवून घेता येणारी फाईल ह्या बंधनातून वगळली आहे. तेव्हा खरी खरेदी ओळखण्याची खूण एकच: फाईल कुलपाशिवाय आपल्या हातात आली पाहिजे आणि इंटरनेट बंद करून वाजली पाहिजे.

कृतीचे काय होते?

येथवरचा विचार व्यवहाराचा झाला. आता समीक्षेच्या अंगाने पाहू. एखादी संगीतकृती भांडारात गेली की तिचे स्वरूप तेच राहते काय?

'गीतरामायणा'चे उदाहरण घ्यावे. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीने दर आठवड्याला एक ह्याप्रमाणे वर्षभर ही गीते प्रक्षेपित केली. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, एकूण छप्पन्न गीते. ही कृती सुट्या गाण्यांची पिशवी नाही. कथेचा क्रम, पात्रापात्राला दिलेला वेगळा राग-रस, एका गीताच्या शेवटावर पुढच्या गीताने उभे राहणे, ह्यांतून तिचा आकार सिद्ध होतो. मूळ प्रक्षेपणात तर निरनिराळ्या पात्रांसाठी निरनिराळे गायक होते. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे ह्यांच्यासारखे. पुढे फडक्यांनी एकट्याच्या आवाजात ती सर्व गायिली आणि एच. एम. व्ही.ने त्यांच्या दीर्घध्वनिमुद्रिका काढल्या. त्या ज्याच्या घरी होत्या त्याला क्रम मोडणे अवघड होते. तबकडी ठेवली की ती आपल्या क्रमानेच पुढे जाई.

भांडारात गेल्यावर ह्याच कृतीची छप्पन्न शकले होतात. जे गीत अधिक ऐकले जाते ते वर येते. बाकीची तळाशी जातात. एक गीत संपले की पुढे कोणते लागेल हे कवी ठरवत नाही, यंत्राचा हिशोब ठरवतो. रामजन्माच्या मागोमाग एखादे चित्रपटगीत लागते आणि श्रोत्यालाही त्यात वावगे वाटेनासे होते. एखाद्या कादंबरीची लोकप्रिय पाने फाडून वाचनालयाने ती वेगवेगळी वाटावीत, तसा हा प्रकार आहे. कोणी म्हणेल, क्रमाने ऐकण्याची सोय तेथेही असते. असते, पण सोय असणे वेगळे आणि रीत असणे वेगळे. भांडाराची रीत विखुरण्याची आहे.

दुसरी हानी नावांची. दीर्घध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर कवी, संगीतकार, पुष्कळदा वादकांचीही नावे असत, प्रस्तावना असे. ऐकणारा ते वाचत वाचत ऐके आणि त्याची जाण वाढे. भांडाराच्या पडद्यावर गायकाचे नाव ठळक असते. गीतकार शोधावा लागतो, आणि जुन्या मराठी गाण्यांच्या बाबतीत तो चुकीचाही सापडतो. २०१२ साली आपल्या देशात कॉपीराइटच्या कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार आणि संगीतकार ह्यांना मानधनाचा न सोडता येणारा वाटा मिळाला. कायद्याने जो मान दिला तो पडद्याने काढून घेऊ नये, एवढी तरी अपेक्षा बाळगणे अवास्तव नाही.

लहान समाजाचे गणित

पैशाचा हिशोबही पाहिला पाहिजे. बहुतेक भांडारांत तुमची वर्गणी तुम्ही ऐकलेल्या गायकाकडे थेट जात नाही. सर्वांचा पैसा एका राशीत पडतो आणि एकंदर ऐकण्यात ज्याचा जेवढा वाटा, तेवढा हिस्सा त्याला मिळतो. तुम्ही महिनाभर केवळ शक्ती-तुरा ऐकलात, तरी तुमच्या रुपयाचा फार मोठा भाग देशभर गाजणाऱ्या चित्रपटगीतांकडे जातो. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायने असा नियम केला आहे, की मागील बारा महिन्यांत एक हजार वेळा ऐकले न गेलेल्या गाण्यास ध्वनिमुद्रणाचे काहीच मानधन मिळणार नाही.

हा नियम आपल्या पॅरिशला लावून पाहावा. समजा, एखाद्या गायकवृंदाने नाताळसाठी आठ नवी मराठी गीते रचून ध्वनिमुद्रित केली आणि तीनशे कुटुंबांनी ती त्या दिवसांत तीन-तीनदा ऐकली. एकेका गीताची बेरीज नऊशे होते. भांडाराच्या हिशोबात हे श्रम शून्य. तीच तीनशे कुटुंबे आठ गीतांचा संच प्रत्येकी शंभर रुपयांना विकत घेतील, तर तीस हजार रुपये जमतात; ध्वनिमुद्रणाचा खर्च, पेटीवाल्याचे आणि तबलजीचे मानधन त्यातून निघू शकते. मोठ्या भाषेतील मोठ्या गायकाला वर्गणी परवडते. लहान समाजाच्या कलेला मात्र थेट खरेदीवाचून आधार नाही.

कलावंतांनी स्वतः असे प्रयत्न केलेही आहेत. शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान ह्यांनी २००३ साली 'अंडरस्कोर रेकॉर्ड्स' ही संस्था काढली, ती कलावंताचे संगीत मधल्या दलालाशिवाय रसिकाला विकत मिळावे म्हणून. परदेशात २००८ पासून चालणाऱ्या 'बँडकॅम्प' ह्या दुकानात गाणी विकत घेऊन कायमची उतरवता येतात आणि किमतीचा बहुतांश भाग कलावंताच्या पदरात पडतो. वाट अस्तित्वात आहे. तिच्यावरून चालणारे थोडे आहेत.

ग्राहकाच्या बाजूचे गणितही अवघड नाही. महिन्याला शंभर रुपये वर्गणी धरली, तर दहा वर्षांत बारा हजार रुपये होतात आणि हाती काही उरत नाही. पंधरा रुपयांना एक ह्या भावाने तेवढ्याच पैशांत आठशे गाणी कायमची घरात येतात. एका कुटुंबाला मनापासून आवडणारी, पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटणारी गाणी आठशेहून फारशी अधिक असतील असे वाटत नाही.

दुसरी बाजू

वर्गणीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते न सांगणे अन्यायाचे होईल. लांज्याच्या किंवा राजापूरच्या मुलाला पॅलेस्ट्रिनाचे मिस्सासंगीत, बाखची ऑर्गनवादने, किशोरी आमोणकरांचा भूप हे सारे एका दिवसात ऐकता येणे ही थोडी गोष्ट नव्हे. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागे आणि ऱ्हिदम हाऊससारख्या दुकानात उभे राहून मन मारावे लागे. १९४० च्या दशकात काळा घोड्याजवळ सुरू झालेले ते दुकानही २०१६ साली बंद झाले.

खरेदीचा सुवर्णकाळ म्हणून आपण ज्याकडे वळून पाहतो, तोही तितकासा सोनेरी नव्हता. फितीवरून फीत उतरवून घेणे घरोघरी चाले. पुढे रस्त्यावर शेकडो गाण्यांच्या चोरट्या चकत्या मिळू लागल्या. 'चोरी करू नको' ही आज्ञा पाठ असणाऱ्या घरांतही त्या आल्या, कारण गाण्याची चोरी कोणालाच चोरी वाटत नव्हती. वर्गणीच्या सेवांनी लक्षावधी लोकांना प्रथमच कायदेशीर ऐकण्याची सवय लावली. मालकीचा आग्रह म्हणजे फुकट उतरवून घेण्याचा परवाना नव्हे. ज्याला आपले म्हणावयाचे, त्याचे मोल दिलेच पाहिजे.

मालकीची वस्तूही नाश पावते. २२ जुलै २०२१ च्या महापुराने चिपळूणमधील किती घरांची कपाटे चिखलाने भरली ते जिल्ह्याला ठाऊक आहे. तेथील जुन्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदाही त्या पाण्यात सापडली. पण इथेच फाईलचा एक गुण ध्यानात येतो. तबकडी किंवा फीत एकाच कपाटात असते. फाईलची एक प्रत चिपळुणात, दुसरी मुंबईच्या मुलाकडे ठेवता येते. आणि उलट बाजूही आपण पाहिली आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या गावांत विजेचे खांब आडवे झाले, भ्रमणध्वनीचे जाळे कोलमडले. अशा दिवसांत दूरच्या भांडारातले एक कोटी गाण्यांचे वैभव काय कामाचे? बॅटरीवरच्या लहानशा यंत्रात भरून ठेवलेली पन्नास गाणी मात्र त्या अंधारात साथ देऊ शकतात.

अनेक घरांतील प्रती

मराठी ख्रिस्ती वाचकाला ह्या प्रश्नाचे एक जुने उत्तर आपल्याच वाङ्मयात सापडते. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यातील राचोल येथे छापले गेले. त्याच शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. ह्या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. छापखाना थांबला, १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवर बंदीचा हुकूम काढला, आणि तरीही सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ वाचला. तो वाचला कारण गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या आणि इतरत्र विखुरलेल्या कुटुंबांनी तो हाताने उतरवून घेतला, जपला, गायिला. १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्डान्हा ह्यांनी त्याची नवी आवृत्ती काढली ती घरोघरी जपलेल्या अशाच हस्तलिखितांच्या आधाराने. ग्रंथ जर एखाद्याच भांडारात असता आणि लोकांना केवळ तेथे जाऊन ऐकण्याची मुभा असती, तर आज आपल्याजवळ केवळ त्याचे नाव उरले असते.

संगीतातही हेच घडले आहे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ह्या मंडळाच्या कामातून एक गोष्ट वारंवार सिद्ध झाली: कंपन्यांनी ज्यांची मूळ मुद्रणे जपली नाहीत, अशा जुन्या गायकांचा आवाज कोणा हौशी माणसाच्या माळ्यावरच्या तबकडीत सापडतो. दुसऱ्या बाजूला, मायस्पेस ह्या एके काळच्या बलाढ्य संकेतस्थळाने २०१९ साली कबूल केले, की २०१५ पर्यंत लोकांनी तेथे ठेवलेले सारे संगीत यंत्रे बदलताना नष्ट झाले. मोठे भांडार म्हणजे सुरक्षित भांडार, हा समज तेव्हाच सोडावयास हवा होता.

ह्यातून जो मार्ग निघतो तो साधा आहे आणि घरात अमलात आणता येण्यासारखा आहे. नवे ऐकण्यासाठी, चाखून पाहण्यासाठी वर्गणी ठेवावी. त्यात गैर काही नाही. पण जे गाणे आपल्या नातवंडांनी ऐकावे असे वाटते, ते कुलपाशिवायच्या फाईलच्या रूपाने विकत घ्यावे. दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावी. प्रत्येक गाण्याबरोबर कवी, संगीतकार, गायक आणि वर्ष ह्यांची नोंद करावी. वेष्टन हरवले म्हणून नावे हरवू नयेत. घरात जुन्या फिती असतील तर पुढच्या पावसाळ्याआधी त्या फाईलमध्ये उतरवून घ्याव्यात. आपल्या कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षांनी संपतो, मात्र शब्द आणि चालीचा हक्क त्यांच्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. माडगूळकर १९७७ साली निवर्तले, म्हणून त्यांचे शब्द २०३७ अखेर मुक्त होतील. ह्याच जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले आणि १९१९ साली दिवंगत झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांची गीते तर केव्हाच सर्वांची झाली आहेत. आपल्या गायकवृंदांनी ती नव्याने ध्वनिमुद्रित करावीत, पॅरिशच्या कुटुंबांना रास्त किमतीत विकावीत, आणि घेणाऱ्याने ती जपावीत. येत्या आगमनकाळापूर्वी एखाद्या पॅरिशने एवढे जरी मनावर घेतले, तरी त्या घरांतील मुलांना 'तुझ्याजवळ कोणती गाणी आहेत?' ह्या प्रश्नाला नावानिशी उत्तर देता येईल.